तलावाचं अस्तर

४ जानेवारी

मॅडम म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा. हिने कुठल्या वस्तूला कुठला शब्द वापरला ते टिपलं की त्यांना शिकवायला सोपं पडतं. त्या आठवड्यातून दोनदा येतात, हिला पुन्हा बोलायला शिकवायला. मी शिंपी माणूस. कापडावर खडूनं रेघा मारायच्या एवढंच आजवरचं माझं लेखन. पण बघू.

पाच महिन्यांपूर्वी हिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात अर्धामुर्धा परत आला, काठी धरून चालतेही. शब्द मात्र जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे झालेत. येतात, पण दुसऱ्याच्या घरी जातात. आज चष्मा हवा होता तर ‘कंगवा’ म्हणाली. मीठ हवं होतं तर ‘शनिवार’. मला ‘मावशी’ म्हणते. उभा जन्म ‘अहो’ म्हणाली, आता मावशी. मी ओ देतो. न देऊन सांगतो कुणाला?

सगळ्यात जास्त म्हणते ते ‘नको’. त्याचं काय लिहायचं कळत नाही, कारण ‘नको’ म्हणते आणि घेतेही.

७ जानेवारी

लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात असते, नोकरी मोठी आहे, आणि आमच्यासाठी तिने एक खोली रिकामी करून ठेवली आहे. पडदेसुद्धा लावलेत म्हणाली. तिचं म्हणणं असं, की बाबा, तुम्ही एकटे किती दिवस आईचं करणार? घरामागचा तलाव पैलवानाला चालवायला द्या आणि दोघं इकडे या.

तलाव म्हणजे पोहण्याचा तलाव. हिच्या वडिलांनी बांधला आणि हिने त्यात अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. मी राहिलेल्या अर्ध्यातला. लग्न झाल्यापासून तलावाच्या काठावर बसून टॉवेलांना काठ शिवले, पण पायाचा अंगठा कधी पाण्यात बुडवला नाही. पाण्याचं आणि माझं जमत नाही. आता हिच्या आजारपणात तलाव बंद आहे, पाणी हिरवं झालंय.

पैलवान म्हणजे बाजारातल्या व्यायामशाळेचा मालक. त्याला तलाव हवाय, फक्त आतला गिलावा नवा करून द्या म्हणतो. खरंच आहे, तो जुना गिलावा जागोजागी उखडलाय. पोरांचे तळवे सोलून निघायचे.

मी लेकीला हो म्हणालो. म्हणजे नाही म्हणालो नाही. आईला योग्य वेळ बघून सांगू असं आमचं ठरलं. योग्य वेळ कोणती, ते ठरायचं राहिलं.

हे सगळं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो. बाहेर आलो तर हिने टीव्ही बंद केला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, “नको.”

“काय नको? चहा?”

“नको.”

चहा ठेवला. कप पुढे केला तर घेतला नाही. थंड झाल्यावर मीच प्यालो.

१३ जानेवारी

तलाव उपसला. मिस्त्री आला होता. गडी बोलका आहे, कामापेक्षा तोंड जास्त चालतं. लहानपणी त्यालाही हिनेच पोहायला शिकवलंय, त्यामुळे हिला ‘बाई’ म्हणतो आणि हिच्यासमोर यायच्या आधी तंबाखू थुंकून टाकतो.

रिकामा तलाव मी पहिल्यांदाच पाहिला. केवढा खोल आहे! इतकी वर्षं यात मुलं सोडायची ही, आणि मी वर बसून दोरा ओवायचो.

मिस्त्री म्हणाला, “काका, काही नाही, घासून घ्यायचं आणि वरून नवा हात मारायचा. आठवड्यात मोकळे.”

पैलवानही होता. हातातल्या बाटलीतून कसलंसं पिवळं पाणी पीत म्हणाला, “तेच बरं. वरवर करा. पुढं मी फरशी बसवणारच आहे.”

आणि मी म्हणालो, नाही. जुनं अस्तर फाटलेलं असताना त्याच्यावरच नवं शिवलं तर कोट फुगतो. पहिल्या धुण्यात सगळं बाहेर येतं. आधी उसवायचं, मग शिवायचं.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मीही स्वतःकडे बघत राहिलो. तलाव देऊनच टाकायचाय, तर अस्तर फुगलं काय नि फाटलं काय, मला काय पडलंय? पण शब्द मागे घेतला नाही. मिस्त्रीनं नवा दर सांगितला, त्यालाही हो म्हणालो.

१६ जानेवारी

मिस्त्री हातोडीनं भिंत ठोकून बघतोय. घट्ट असेल तिथं टणक आवाज येतो, गिलावा आतून सुटला असेल तिथं पोकळ. पोकळ लागलं की खडूनं गोल करायचा, मग तेवढं फोडायचं. मला दोन्ही आवाज सारखेच वाटतात.

ही काठावर खुर्ची टाकून बसते. मिस्त्रीनं पूर्वेची भिंत संपवली, चारच गोल झाले. “बघा काका, म्हटलं होतं ना, माल चांगला आहे.”

“नको,” ही म्हणाली.

मला वाटलं, वडिलांनी बांधलेली भिंत फोडायला नको म्हणते. जीवच गलबलला. मी मिस्त्रीला म्हणालो, राहू दे बाबा, जेवढं कमी फोडता येईल तेवढं कमी फोड.

तर ही उठली. काठी टाकली, कठडा धरून उथळ बाजूच्या पायऱ्या उतरली. मी धावलो, तिने मला कोपरानं बाजूला केलं. मिस्त्रीच्या हातातली हातोडी डाव्या हातात घेतली आणि म्हणाली, “चमचा.” मग भिंत ठोकायला लागली. एक ठोका, थांबायचं, डोकं तिरकं करून ऐकायचं. मग मिस्त्रीकडे नुसतं बघायचं. मिस्त्री गोल काढायचा. मिस्त्रीनं जिथं ‘चांगलं आहे’ म्हणून सोडलं होतं तिथंच अकरा की बारा गोल झाले. शेवटी त्याने एक फोडून बघितला. भाकरीचा पापुद्रा निघावा तसा गिलावा हातात आला, मागे ओल.

“बाई, चुकलं,” मिस्त्री म्हणाला.

मग माझंच डोकं फिरलं. फोडायला नको होतं तर ठोकायला का गेली? मॅडमना विचारायला हवं.

१९ जानेवारी

मला वाटतं कोडं सुटलं. हिला रंग पटला नसावा. मिस्त्रीनं पांढऱ्या गिलाव्याचं ठरवलंय. मी दुकानातून नमुने आणले: पांढरा, फिकट निळा, राखाडी. तिन्ही तिच्या मांडीवर ठेवले.

“हा?”

“नको.”

“हा?”

“नको.”

“मग हा तरी?”

तिने तिन्ही तुकडे गोळा करून माझ्या हातात दिले, माझी मूठ मिटली आणि वरून थोपटलं. लहान मुलाला थोपटतात तसं. मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसली.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. मी आत जाऊन घेतला. पडदे कसले आहेत विचारलं, सुती की कसे. लेक म्हणाली, बाबा, हे काय विचारताय! बाहेरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. हिने खडूंचा डबा काठावरून तलावात टाकला होता. हाताला अजून पुरता जोर नाही, निसटला असणार.

२३ जानेवारी

आता टाचे मारणं चालू आहे. पोकळ होतं ते सगळं फोडून झालं, राहिलेल्या घट्ट भिंतीवर छिन्नीनं बारीक खड्डे पाडायचे, म्हणजे नव्या मालाला पकडायला जागा होते. गुळगुळीतावर काही टिकत नाही, हे मला कळतं. सॅटिनवर ठिगळ लावून बघितलंय मी. नळाच्या तोंडांभोवती आणि वरच्या फरशीच्या पट्टीखाली खाच काढायची, म्हणजे नवी कड तिथं बसेल.

धूळ घरभर. कान बधिर. मिस्त्री वाकून वाकून काम करत होता, तर काठावरून आवाज आला, “गुडघे सरळ!”

खणखणीत. मी आणि मिस्त्री दोघंही दचकलो. मिस्त्रीनं गुडघे सरळ केले, पन्नाशीचा माणूस, पाचवीतल्या पोरासारखे. मी हिच्याकडे धावलो, “काय म्हणालीस? परत म्हण.” तिने तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि काही आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी म्हणालो, असू दे, असू दे. वहीत काय लिहू? शब्द बरोबर होते. वस्तू चुकीची होती. मिस्त्री काही पोहत नव्हता.

२४ जानेवारी

ही न्हाणीघरात पडली. मी तलावावर मिस्त्रीशी वाद घालत होतो, कानावर छिन्नीचा आवाज, हाक ऐकू आली नाही. किती वेळ पडली होती देव जाणे. कपाळाला टेंगूळ आलंय, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, निभावलं.

लेकीला सांगितलं. ती फोनवर रडली. मग म्हणाली, “बाबा, आता तरी हट्ट सोडा.” माझा कुठला हट्ट? मी तर हो म्हणालोय.

लेकीचं बरोबर आहे. पैलवानाला कागद घेऊन ये म्हणून कळवलं.

२८ जानेवारी

पैलवान आला. पाच वर्षांचा करार लिहून आणलाय. हिला नमस्कार केला आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडत म्हणाला, “बाई, क-शा आ-हा-त?” बहिऱ्याशी बोलतात तसं. ही त्याच्याकडे बघून गोड हसली. पैलवान मला म्हणाला, “बरं आहे, त्यांना काही कळत नाही. त्रास नाही.” मी मान हलवली. मग फीत धरून त्याने तलावाची मापं घेतली. हिची खुर्ची मध्ये येत होती. ‘जरा सरकवू का’ म्हणालो तर हिने खुर्चीचे हात घट्ट धरले. मापाला फीत हिच्या पायांवरून न्यावी लागली.

करार टेबलावर ठेवून गेला, सही करून ठेवा म्हणाला.

२९ जानेवारी

करार सापडेना. सगळं घर उलटं केलं. दुपारी कपडे काढायला धुण्याचं यंत्र उघडलं तर माझ्या पायजम्यांवर पांढरा लगदा. हिने चुकून कागद कपड्यांबरोबर आत टाकला, यंत्र चालूही केलं. बिचारीला आता कागद आणि कापड यांतला फरक कळेनासा झाला. हे मात्र मॅडमना सांगितलंच पाहिजे.

गंमत अशी, की साबण बरोबर टाकला होता. अर्धंच माप. मीच नेहमी जास्त टाकतो.

पैलवान म्हणाला, दुसरी प्रत आणतो.

३ फेब्रुवारी

ॲसिडनं धुतलं. मिस्त्रीनं तोंडाला फडकं, हातांत रबरी मोजे, अंगभर प्लास्टिक असं रूप केलं होतं. वास इतका की डोळे चुरचुरत होते, हिला आत बसवलं. मग सोड्याचं पाणी मारलं, ॲसिड मरायला, आणि मग नुसतं पाणी, जोरानं, कोपरान् कोपरा. काल भेगा भरल्या. तळाशी निचऱ्याच्या झाकणाजवळ एक बूच आहे. ते मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी उघडून ठेवलंय, जमिनीतलं पाणी खालून दाब देत असेल तर त्याला वाट हवी म्हणून. नाहीतर नवा गिलावा खालून उचलला जातो, फोड आल्यासारखा.

सगळं एवढं साफ झालंय, की तलाव नसून एखाद्या कोटाची उलटी बाजू बघतोय असं वाटतं. शिवणी सगळ्या उघड्या. बघायला मला आवडतं. हे कुणाला सांगता येत नाही.

मॅडम आल्या होत्या. यंत्रातल्या कागदाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “कसला कागद होता?” मी सांगितलं. त्यांनी वही मिटली.

“तलाव द्यायचं, गाव सोडायचं, हे तुम्ही त्यांना विचारलंत का?”

“विचारून काय करू मॅडम? ती ‘नको’च म्हणणार.”

“मग?”

“मग काय! ती सगळ्यालाच नको म्हणते.”

मॅडमनी पिशवी उचलली. दारात थांबून काहीतरी बोलणार होत्या, पण मिस्त्रीचा पाण्याचा पंप सुरू झाला.

८ फेब्रुवारी

खडबडीत लेप मारून झाला. तो म्हणजे जुन्या आणि नव्याच्या मधला दुवा. हात फिरवला तर वाळूकागदासारखा लागतो. उद्या गिलावा. मिस्त्री आजपासूनच भिंतीला पाणी मारतोय, कोरडी भिंत नव्या मालातलं पाणी पिऊन टाकते म्हणे. पण पाणी निथळतंही ठेवायचं नाही. ओली हवी, भिजलेली नको. मी विचारलं, हे कळायचं कसं? तो म्हणाला, हात लावून. मी हात लावला. मला काही कळलं नाही.

९ फेब्रुवारी

गिलावा झाला! मिस्त्रीनं सहा माणसं आणली होती. सुरू केलं की थांबायचं नाही, नाहीतर सांधा दिसतो. थाप्यांचा आवाज दिवसभर. ही सकाळपासून उठली नाही खुर्चीतून. जेवणसुद्धा तिथंच. दिवसभरात एकदाही ‘नको’ म्हणाली नाही. संध्याकाळी शेवटचा माणूस पायऱ्यांवरून उलटा घासत बाहेर आला तेव्हा हिने माझा हात धरला. पांढराशुभ्र तळ, सुरकुतीसुद्धा नाही.

मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन तोंड धुतलं. आणि मग आठवलं, की पैलवान सोळा तारखेला दुसरी प्रत घेऊन येतोय.

१२ फेब्रुवारी

तळाचं बूच बसवून पाणी भरलं. गिलावा पांढरा लावला होता, दिसतंय निळं. मिस्त्री म्हणाला असंच असतं. असेल. अजून बरेच दिवस कुणी उतरायचं नाही, नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. तो रोज येऊन तळ ब्रशनं घासणार आणि पाण्यात औषध टाकणार.

१५ फेब्रुवारी

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी मी कपडे वाळत घालायला मागे गेलो. हिची खुर्ची रिकामी. काठी कठड्याला टेकवलेली. चपला शेजारी शेजारी, नीट. आणि तलावाच्या मधोमध ही. पाठीवर. डोळे मिटलेले, केस पसरलेले, हालचाल नाही.

मी हाक मारली. ओ नाही. परत मारली. नाही.

नंतर काय विचार केला ते आठवत नाही, कारण केला नाही. मी उडी मारली. बुटांसकट, खिशातल्या मोजपट्टीसकट, खोल बाजूला.

पाणी नाकातोंडात गेलं. वर कुठं, खाली कुठं कळेना. पाय टेकायला जमीन नाही. हात मारले ते कशाला लागले नाहीत. मनात एवढंच आलं, की हिला काढायला आलो आणि आता दोघांनाही काढायला कुणी नाही.

मग डोकं एकदाचं वर आलं आणि आवाज ऐकू आला.

“तोंड वर! पाय मार! पाय, पाय, पाय! हात लांब! आणखी लांब! श्वास सोड, फू कर! धर कठडा! धर!”

हा गेल्या सहा महिन्यांतला आवाज नव्हता. जो ऐकत मी बाहेर बसून आयुष्यभर शिवण मारली, तो होता. एक शब्द चुकला नाही, एक अडला नाही. मी पाय मारले. हात लांब केला. फू केलं. कठडा हाताला लागला.

ही कुशीवर पोहत आली, डाव्या हातानं पाणी कापत, उजवा अंगाबरोबर सोडून. जमिनीवर जो पाय ओढत चालते तो पाण्यात दुसऱ्या पायासारखाच चालत होता. तिने माझी कॉलर धरली. मला खोकला आवरत नव्हता. आणि ती हसत होती. आजारपणानंतर पहिल्यांदा आवाज करून.

“तू बुडाली नव्हतीस?”

मान हलवली. नाही.

“मग हाकेला ओ का नाही दिलीस?”

तिने कानाला बोट लावलं, मग पाण्याला. कान पाण्याखाली होते.

“आणि तुला बोलता येतं! आत्ता बोललीस तू! परत बोल.”

तिने तोंड उघडलं, खूप प्रयत्न केला आणि म्हणाली, “कात्री.” मग परत हसली. आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो, बुटांतून पाणी ओतत.

त्याच दिवशी, दुपारी

मिस्त्री भयंकर चिडला. “काका, नव्या पाण्यात उतरतात का! चुना आहे त्यात!” खरं होतं. दोघांच्याही अंगाला एवढी खाज सुटली की विचारू नका. खोबरेल तेल लावून आम्ही समोरासमोर बसलो, दोन तळलेल्या माशांसारखे. ती मला बघून हसते, मी तिला.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हजारो वेळा बोललेलं असतं ते मेंदूत दुसरीकडे राहतं. आकडे, पाढे, प्रार्थना, रोजचे हुकूम. ते कधी कधी सलग निघतं. स्वतः ठरवून एक शब्द काढायचा तर अडतं.

“म्हणजे तिला सगळं कळतं?”

“काका, कळतं सगळंच. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी तुम्हाला. अडतं ते फक्त बोलताना.”

मला असं सांगितल्याचं आठवत नाही. सांगितलं असेल. तेव्हा मी नुसती मान हलवत होतो सगळ्यांपुढे.

सगळं कळतं. म्हणजे फोनवरचं. पडद्यांचं. ‘बरं आहे, त्यांना काही कळत नाही’ हे सुद्धा, आणि मी हलवलेली मान सुद्धा. आणि यंत्रातला कागद

१६ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही.

सकाळी पैलवानाला फोन केला. “आज येऊ नका.”

“मग कधी येऊ?”

“माहीत नाही.”

“काका, देताय की नाही?”

“तेही माहीत नाही.” तो रागावला. त्याच्या जागी मीही रागावलो असतो. लेकीला त्यानेच कळवलं असावं, कारण तासाभरात तिचा फोन आला. मी तिला उडीचं सांगितलं. वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, “मी येते,” आणि फोन ठेवला.

हिच्याशी बोलायला दोनदा शेजारी जाऊन बसलो. सुरुवात कुठून करायची कळेना. दुसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

२ मार्च

लेक काल परत गेली. तिकिटं तिघांची काढून आली होती, गेली एकटी. झालं ते असं.

आली तीच तणतणत. दोन मोठ्या बॅगा, दोन्ही रिकाम्या, आमचं सामान भरायला. मी नेहमीसारखा मध्ये अडकलो. आठवडाभर मी तिला काही सांगायचो, ती मला काही सांगायची, आणि कुणालाच काही पटायचं नाही. परवा मिस्त्रीनं पाणी तपासून बघितलं, आता उतरायला हरकत नाही म्हणाला. तर ही लगेच पोहण्याचे कपडे घालून हजर. एका हातानं बटणं लावलेली, एक सोडून एक. मला खूण केली. मी अर्धी चड्डी घालून पायऱ्यांवर बसलो, छातीपर्यंत पाण्यात, कठडा धरून. कठडा सोड म्हणून ती माझ्या हातावर चापट्या मारत होती.

लेक काठावर आली. “बाबा, हे काय चाललंय? घरात आई पडते. इथं तुम्ही बुडता. आणि तुम्ही म्हणताय इथेच राहायचं?”

“मी असं म्हणालो नाही.”

“मग आमच्याकडे यायचं म्हणताय?”

“तसंही म्हणालो नाही.”

“मग तुम्ही म्हणताय तरी काय?”

खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. मी म्हणालो, “मला कळत नाही गं. मला वाटलं होतं तुझं बरोबर आहे. अजूनही वाटतं. पण गिलावा करताना मी एवढा जीव का टाकला, तेही मला कळत नाही. तू आईलाच विचार.”

हे मी तिला सुचवावं म्हणून नाही, तर माझ्या अंगावरचं ढकलावं म्हणून बोललो. ते खरं आहे.

लेक हिच्याकडे वळली. मग थांबली. मला वाटतं तिच्याही तेव्हाच लक्षात आलं, की इतक्या दिवसांत, इतक्या फोनांत, आईला आम्ही कुणी काही विचारलंच नव्हतं. ती कठड्याजवळ उकिडवी बसली, आईच्या तोंडासमोर तोंड आणून. आवाज एकदम बारीक झाला तिचा.

“आई, तुला काय हवंय?”

ही विचार करत राहिली. ओठ हलले, थांबले. घशात काहीतरी आलं आणि चुकीचं असावं, कारण तिने मान झटकून ते गिळून टाकलं. मी मदत करायला तोंड उघडलं तर लेकीनं हात वर केला, थांबा. आम्ही थांबलो. पंप चालू होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हिने डावा हात उचलला, पाण्यावर सपकन मारला, आम्हा दोघांच्या तोंडावर पाणी उडालं, आणि म्हणाली,

“हे.”

बस, एवढंच.

लेक रडली. मग तिने चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडून बसली. संध्याकाळपर्यंत तिथेच होती. न्हाणीघरात धरायला दांडे बसवायचे आणि दिवसभर एक बाई ठेवायची असं तिने ठरवलं, मला न विचारता. जाताना दोन्ही बॅगा इथेच ठेवून गेली. मिस्त्रीची सासू सोमवारपासून हिच्याकडे पोहायला शिकायला येणार आहे, तिचे गुडघे धरलेत. आणि मी.

‘हे’ म्हणजे काय ते मला अजून नक्की कळलेलं नाही. तलाव, की घर, की शिकवणं, की शेजारी कठडा धरून बसलेला मी. विचारणार होतो. पण तिने तेवढ्यात माझी बोटं कठड्यावरून एकेक करून सोडवली.